कठडा कधी, एवढंच विचारलं

रविवार. सकाळचे साडेदहा. चर्चमध्ये बाप्तिस्म्याच्या दगडी कुंडाभोवती दोन कुटुंबं उभी, मध्ये फादर, बाजूला एक मोठी मेणबत्ती पेटलेली आणि आमच्या हातांतल्या अजून पेटायच्या. इथे मी ओरडलो असं म्हणतात.

ओरडलो नाही. मी फक्त विचारलं. तुम्हाला सांगतो, सगळी हयात वार्ताहर म्हणून गेली माझी, ओरडणं आणि विचारणं यांतला फरक मला कुणी शिकवायला नको, ओरडलं की समोरचा म्हणतो 'आधी आवाज खाली करा' आणि मग प्रश्न राहतो बाजूला आणि आवाजाचीच चौकशी होते, म्हणून मी कधी ओरडत नाही. पण आमची ही म्हणते, "अहो, शेवटच्या बाकावर ऐकू गेलं." आता छप्पर एवढं उंच बांधलंय, कुणी शिंकलं तरी तीनदा ऐकू येतं, तो काय माझा दोष? आणि ही तेव्हापासून एकच धरून बसलीये, फादरची माफी मागा, साहेबांची माफी मागा. कशाची माफी? प्रश्नाची? प्रश्नाची माफी मागायला लागलो असतो तर मी संपादक झालो असतो.

थांबा, पहिल्यापासून सांगतो.

बाप्तिस्मा होता नातीचा. वय साडेचार. घरात तिला टिटवी म्हणतात, कारण टिटवी म्हणे पाय वर करून झोपते, आभाळ पडलंच तर पायांवर झेलावं म्हणून, आणि आमची बयाही दोन्ही पाय भिंतीला लावून उताणी झोपते. हिला ते नाव पसंत नाही. "टिटवी अशुभ असते हो." म्हटलं, अशुभ व्हायचं ते होऊन गेलं, आता नाव बदलून काय करतेस.

काय होऊन गेलं तेही सांगतो, पण एकदाच. टिटवीची आई, म्हणजे माझी मुलगी. गेल्या वर्षी बाप्तिस्म्याची तारीख तिनंच ठरवली होती. जावई तोवर बाहेरगावी कामाला, म्हणून 'सगळे जमू दे, मग करू' असं करत करत पोर साडेतीन वर्षांची झाली होती, शेवटी जमले सगळे, पांढरा फ्रॉक शिवून झाला, जावयाची बहीण शिवणकाम करते, ती राहते कालव्यापलीकडे. दोघी मायलेकी फ्रॉक आणायला गेल्या. येताना पुलावर समोरून सायकल आली, मागे गॅसची टाकी बांधलेली, पूल अरुंद, तर मुलीनं टिटवीला आतल्या बाजूला ढकललं, आपण बाहेरच्या बाजूला सरकली आणि तोल सावरायला कठड्याला हात टेकला.

कठडा नव्हता. रंगवायला काढून नेला होता. जागेवर दोरी बांधली होती. लाल.

टिटवी पुलावर राहिली, फ्रॉकची पिशवी हातात घट्ट धरून.

आमच्या पेपरात बातमी आली. मला लिहू दिली नाही, 'घरची बातमी घरच्यानं कशी लिहायची', नवा पोरगा होता त्यानं लिहिली, मथळा काय, तर 'तोल जाऊन विवाहितेचा मृत्यू'. म्हटलं, अरे बाळा, तोल तिचा गेला? कठडा गेला होता. तो म्हणतो, "सर, कठडा कुणाचा ते कळल्याशिवाय कसं लिहायचं?" बरोबर आहे त्याचं. मीच शिकवलंय त्याला.

मग मी कळून घ्यायला निघालो. रस्ते खात्यात गेलो. तिथला कारकून म्हणाला, पूल आमचा, पण कालव्यावर आहे ना, म्हणजे काठ आला, काठ कालवे खात्याचा. कालवे खात्यात गेलो. तिथे साहेब भेटले, मऊ आवाजाचे, समोरच्याला आधी बसवून मग नाही म्हणणारे. "पाणी आमचं हो, पण कठडा पाण्यात कुठे असतो? तो पुलावर असतो." पुन्हा रस्ते खातं. पुन्हा साहेब. म्हणजे पूल यांचा, पाणी त्यांचं, आणि कठडा? कठड्याला आई ना बाप. अनाथ कठडा. बरं, रंगवायला नेला तो तरी कुणी नेला? कुठे नेला? एक वर्ष रंग देतायत, एवढ्या वेळात माणूस चर्चच्या छतावर सगळे देवदूत रंगवून मोकळा होईल.

जावई माझा बोलत नाही. आधीही कमी बोलायचा, आता तर बोललाच तर जेवणापुरतं. वेल्डर आहे. एका रविवारी दुपारी हातगाडीवर पाइप टाकले, सामान घेतलं, पुलाजवळच्या चक्कीवाल्याकडून वीज घेतली आणि भर उजेडात, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत, बसवला कठडा. पुलाच्या काँक्रीटमधल्या लोखंडी पट्ट्यांना खांब जोडले, वर आडवा पाइप, मध्ये दोन. मी स्वतः लोंबकळून बघितला. हत्ती टेकला असता. चौथ्या दिवशी गाडी आली आणि कठडा कापून घेऊन गेली. अनधिकृत बांधकाम. म्हटलं, कुणाची गाडी? तर कुणाचीच नाही. लावायचा झाला तर दोघांचाही नाही, आणि काढायचा झाला तर चौथ्या दिवशी वारस हजर. मी साहेबांकडे गेलो, फक्त विचारलं, आमचा पाइप कुठाय? ते म्हणाले, "बसा ना."

असो. बाप्तिस्मा.

मी काही मोठा देवभोळा नाही. मुलगी गेल्यापासून मी देवाशी बोलणं टाकलं होतं आणि देवानंही माझी चौकशी केली नाही, दोघंही आपापल्या जागी सुखी होतो. पण ही म्हणाली, "तिनं ठरवलेलं तेवढं एकच राहिलंय." याच्यावर काय बोलणार? माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि उत्तर नसलं की मी कबूल करतो, मी काही खातं नाही.

अडचण एकच होती. टिटवी डोक्यावर पाणी घालू देत नव्हती. त्या दिवसापासून नाही. अंगावर चालतं, पायांवर चालतं, गळ्यापर्यंत चालतं, पण तांब्या खांद्याच्या वर गेला की पोर किंचाळते, अशी की शेजारचे दार वाजवतात. केस ओल्या टॉवेलनं पुसायचे. आणि बाप्तिस्मा म्हणजे काय? डोक्यावर पाणी. एकदा नाही, तीनदा. म्हणजे बघा, नेमकं हेच. देवाला दुसरं काही सुचलं नसतं?

त्यात वर्ग. फुकट पाणी घालत नाहीत डोक्यावर, आधी घरच्यांनी शिकायचं. चर्चच्या मागच्या हॉलमध्ये आठ शनिवार, आईवडील, धर्मपिता, धर्ममाता, सगळ्यांनी बसायचं. आई नाही, म्हणून मी. धर्ममाता ती फ्रॉक शिवणारी आत्या. धर्मपिता आमच्या हिचा भाऊ, तो पहिल्या शनिवारी झोपला तो शेवटच्या शनिवारी उठला. शिकवायला सिस्टर, वयानं माझ्या मुलीएवढ्या, इतक्या गोड बोलायच्या की भांडायला जागाच नाही. वर्गात दुसरं कुटुंब एक, तरणं जोडपं, कडेवर तीन महिन्यांचं बाळ, आणि त्या बाळाचे धर्मपिता म्हणून समोरच्या खुर्चीवर कोण बसलेलं असावं?

साहेब. कालवे खात्याचे. मला बघितल्यावर म्हणतात, "अरे वा, बसा ना."

सिस्टरनी विचारलं, "सांगा बरं, पाणी म्हणजे काय?" साहेब म्हणाले, "जीवन." सिस्टर खूश. मी हात वर केला. "कुणाच्या अखत्यारीतलं?" आमच्या हिनं टेबलाखालून मला असा पाय हाणला... मी फक्त विचारलं हो. सिस्टर म्हणाल्या, "काका, इथे देवाच्या अखत्यारीतलं." म्हटलं, चला, कुणीतरी जबाबदारी घेतली.

तिसऱ्या शनिवारी घोटाळा झाला. सिस्टर समजावून सांगत होत्या, की बाप्तिस्म्याचं पाणी म्हणजे नुसती अंघोळ नव्हे, त्यात जुना माणूस मरतो आणि नवा माणूस बाहेर येतो. टिटवी जमिनीवर बसून खडूनं मासे काढत होती. खडू थांबला.

"पाण्यात मरतो?"

सिस्टर खुर्चीवरून उठल्या. "अगं नाही नाही, तसं नाही, बाहेर येतो ना, नवीन होऊन."

"माझी आई नाही आली."

आणि गेली टेबलाखाली. सिस्टर गुडघ्यांवर, आत्या गुडघ्यांवर, आमची ही गुडघ्यांवर, त्या हॉलमध्ये एवढी माणसं गुडघ्यांवर मी रविवारच्या मिस्सेच्या प्रार्थनेलाही बघितली नाहीत. टिटवी टेबलाच्या पायाला मिठी मारून. साहेब उभे राहून घड्याळ बघतायत. त्यांना म्हणे मीटिंग होती. शनिवारी संध्याकाळी. शेवटी जावई आला, टेबलाखाली सरपटत शिरला आणि नुसता तिच्याशेजारी पडून राहिला, पाय वर, टेबलाच्या फळीला लावून, तीही पाय वर. बराच वेळ दोघं तशीच. मग निघाली दोघं बाहेर.

आता तालमी घरी घ्यायचं ठरलं. फादर झालो मी, कारण फादरचं सगळं काम प्रश्न विचारायचं, आणि त्या कामाला आमच्या घरात दुसरा लायक माणूस नाही. चादर खांद्यावर, पळी हातात, बाहुलीच्या डोक्यावर पाणी घातलं. बाहुली चालली. टेडी चालला. आमच्या हिच्या डोक्यावर घातलं, ती म्हणाली, "अहो, पळीभर म्हणजे केवढं घालता, मला पुन्हा सर्दी." माझ्या टकलावर टिटवीनं स्वतः घातलं, तीनदा, आणि मोजून परत तीनदा. सगळं घर बाप्तिस्मा घेऊन चिंब. तिच्यावर पळी नेली, की संपलं.

पण प्रश्नोत्तरं पोरीला आवडली. खरं म्हणजे मोठ्यांनीच उत्तरं द्यायची असतात, एवढ्या लहान मुलाच्या वतीनं. पण तिला बोलायचंच होतं. चर्चच्या दारात फादर पहिल्यांदा विचारतात, बाळाचं नाव काय, आणि मग विचारतात, देवाच्या चर्चकडून काय मागता? उत्तर म्हणायचं, बाप्तिस्मा. मी तिला शिकवलं, प्रश्न विचारला की इकडेतिकडे बघायचं नाही, गोल बोलायचं नाही, विचारणाऱ्याच्या डोळ्यांत बघून सरळ खरं उत्तर द्यायचं, मोठ्यानं. नव्या पोरांना मी ऑफिसात हेच शिकवत आलो. आता यात वाईट काय शिकवलं?

आदल्या दिवशी कुंड दाखवायला तिला चर्चमध्ये नेली. मी, जावई आणि ती. दगडी कुंड, मोठ्या परातीसारखं, कमरेएवढ्या खांबावर, बुडाशी उभं राहायला पायरी. तिनं सगळीकडून फिरून बघितलं. बोटानं कडा चाचपली. एखादा तपासनीस आल्यासारखी. मग मला म्हणाली,

"आजोबा, याला कठडा कुठाय?"

मला तर वर्षभर याच्याशिवाय दुसरा शब्द बोलताना तिनं ऐकलेलंच नाही. मी जावयाकडे बघितलं. तो पुढे झाला, तिच्या मागे उभा राहिला, दोन्ही हात तिच्या दोन्ही बाजूंनी कुंडाच्या कडेवर टेकवले आणि कोपर ताठ केले. वेल्डरचे हात, भाजलेल्या डागांनी भरलेले. म्हणाला, "हलवून बघ."

तिनं हलवून बघितलं. लोंबकळली. पाय वर घेतले. हात हलले नाहीत. मग वाकली आणि पाण्यात बघितलं, एवढंच, पण एका वर्षात पहिल्यांदा.

रविवार उजाडला. फ्रॉक... फ्रॉक तोच हो, त्या पिशवीतला. कापड तसंच नवं, पोर वर्षभर वाढलेली. आत्यानं खाली झालर जोडली, काखेत पट्ट्या घातल्या, तरी पाठीची दोन बटणं लागेनात, तिथे पिना. आमची ही पिना लावत होती आणि मध्येच आत जाऊन येत होती. आत कशाला जातेस म्हणून मी नाही विचारलं. सगळेच प्रश्न विचारायचे नसतात, तेवढं कळतं मला.

दारात फादर उभे. आधी ते तान्हं. नाव सांगितलं, काय मागता, बाप्तिस्मा, झालं. मग आमच्यासमोर आले. नाव काय? जावयानं सांगितलं. देवाच्या चर्चकडून काय मागता? आम्ही सगळे तोंड उघडतो आहोत तेवढ्यात टिटवीनं फादरच्या डोळ्यांत बघून, सरळ, खरं, मोठ्यानं सांगितलं,

"कठडा."

फादर माझ्याकडे बघतात. सिस्टर माझ्याकडे बघतात. आमची ही तर अशी बघते, की ती नजर मी लग्नाच्या पहिल्या वर्षी शेवटची बघितली होती. मी शिकवलं नाही हो! मी शिकवलं 'बाप्तिस्मा'. पण फादर बरे, वाकले, तिच्या कपाळावर क्रूस काढला आणि म्हणाले, "तेही मागू." साहेब बुटाकडे बघत होते.

आता मूळ घटनेवर येतो. कुंडापाशी सगळे गोल उभे. फादर म्हणाले, आता मी विचारीन, आईवडील आणि धर्मपालक सगळ्यांनी मोठ्यानं उत्तर द्यायचं. सैतानाचा त्याग करता का? सगळे, करतो. त्याच्या सर्व कृत्यांचा? करतो. त्याच्या सर्व पोकळ आश्वासनांचा?

सगळ्यांत मोठा आवाज साहेबांचा. "होय, करतो."

आता तुम्हीच सांगा. मी माणूस आहे की नाही? ज्या माणसानं मला वर्षभर 'बघतो', 'वरती कळवलंय', 'पुढच्या आठवड्यात नक्की' असं खुर्चीवर बसवून बसवून सांगितलं, तो माणूस देवाच्या घरात, पेटत्या मेणबत्तीसमोर, दोन कुटुंबांच्या साक्षीनं पोकळ आश्वासनांचा त्याग करतो. असं निवेदन पुन्हा मिळतं कधी? मी हाती पेन घेऊन जन्मलेला माणूस, गप्प बसायचं? मी फक्त विचारलं.

"साहेब, मग कठडा कधी?"

एवढंच. चार शब्द. चर्चनं ते तीनदा म्हटलं, त्याला मी काय करू. कधी... कधी... कधी. आणि तान्हं बाळ तेवढ्यात रडायला लागलं, म्हणून सगळ्यांना वाटलं मी ओरडलो.

साहेबांनी मेणबत्ती या हातातून त्या हातात घेतली. पहिल्यांदा असं झालं, की त्यांनी मला 'बसा' म्हटलं नाही. बसायला जागाच नव्हती.

फादर म्हणाले, "काका, इथे प्रश्न मी विचारतो."

म्हटलं, "विचारा, फादर. तुम्हाला निदान उत्तर मिळतं."

यावर कुणी हसलं नाही. म्हणजे सिस्टर हसल्या बहुतेक, पण त्यांनी तोंड वळवलं होतं, मी खात्रीशिवाय छापत नाही.

मग पाणी. आधी त्या तान्ह्याला, मग टिटवी. जावई तिच्या मागे उभा राहिला, हात दोन्ही बाजूंनी कडेवर. तिनं आधी हलवून बघितले. मग वाकली. मी डोळे मिटले, हे मी कबूल करतो, मी अपघात बघितलेत, प्रेतं बघितलीत, पोलिसांच्या आधी पोचून बघितलीत, पण फादरच्या हातातल्या शिंपल्यातलं ते ओंजळभर पाणी खाली येताना मला बघवलं नाही. किंकाळीची वाट बघत होतो. एकदा पाणी. काही नाही. दुसऱ्यांदा. काही नाही. तिसऱ्यांदा. मग ओल्या केसांनी मान वर केली, नाकावरून थेंब गळतोय, आणि मागे वळून हळू विचारलं,

"पप्पा, मी आहे?"

जावई म्हणाला, "आहेस."

वर्षभरात त्याचं मी ऐकलेलं सगळ्यांत मोठं वाक्य.

बाहेर आल्यावर साहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, "चर्चमध्ये खात्याचे विषय बरे नव्हेत हो." म्हटलं, खात्यात तुम्ही म्हणता हा आमचा विषय नव्हे, चर्चमध्ये म्हणता हा इथला विषय नव्हे, मग त्या विषयानं जायचं कुठे? कालव्यात? ते गेले. बाळाला आशीर्वाद द्यायला.

आणि ही म्हणते माफी मागा. गेलो ना फादरकडे. सोमवारी गेलो, हिनं दारापर्यंत सोडलं, मी आत गेल्याची खात्री करून मग फिरली. म्हटलं, फादर, मी ओरडलो असं म्हणतात. ते म्हणाले, "काका, मीही रोज त्याच पुलावरून येतो." आणि माझ्यासाठी चहा मागवला. माफी मागायची राहूनच गेली, घरी सांगितलं मागितली म्हणून.

आता एकच सांगतो आणि थांबतो. टिटवीच्या केसांवर आता तांब्यानं पाणी घालता येतं, तिचा बाप मोरीच्या दोन्ही बाजूंना हात टेकून उभा राहिला तर. रोज कामावरून यायला उशीर होतो त्याला, म्हणून अंघोळ रात्री. आणि त्या रविवारनंतरच्या आठवड्यात पुलावर बदल झाला. लाल दोरी गेली. नवी आली, निळी, जाड, पीळ चांगला आहे. ती बांधलीये जावयानं जोडलेल्या खांबांना. खांब कापून नेले, पण वीतभर खुंट सोडले होते, त्या खुंटांना. म्हणजे ज्यानं कापलं त्याला दोरी बांधायची हे आधीच ठाऊक होतं.

रस्ते खात्याला विचारलं, दोरी कुणाची? आमची नाही. कालवे खात्याला विचारलं. तिथला शिपाई म्हणाला, साहेब रजेवर आहेत, बसा.

बसलोय.